रॉडवाले अण्णा

अण्णा जिन्यात असतानाच आम्हाला कळायचं. लॅब पहिल्या मजल्यावर, जुन्या नाशकातली इमारत, लिफ्ट नाही. एक पाय नीट पडायचा, दुसरा मागून फरपटत यायचा आणि मधेच लोखंडी कठड्यावर अंगठी टण्णकन वाजायची. मग अर्ध्या जिन्यातूनच हाक यायची, "डॉक्टरसाहेब, हातमोजे घाला, पाव्हणे आले!" रिसेप्शनवरची मुलगी हसू दाबत माझ्याकडे बघायची. मी तोवर खरोखरच हातमोजे घालत असायचो.

त्यांचं पूर्ण नाव फक्त संगणकात होतं. आमच्यासाठी ते रॉडवाले अण्णा. विंचूरच्या पुढे आत कुठेतरी त्यांची द्राक्षबाग होती. चांगली बाग, चांगलं घर. कधीकाळी क्रेट भरलेला ट्रॅक्टर पाटाच्या कडेला कलला आणि अण्णांच्या नडगीचं हाड बाहेर आलं. हाडांच्या डॉक्टरांनी आत रॉड टाकला, जखम भरली, अण्णा चालू लागले. वर्षभराने नडगीवर, जुन्या टाक्यांच्या शेजारी, डाळीएवढं एक छिद्र उघडलं आणि त्यातून पू येऊ लागला. त्या छिद्राने अण्णांना माझ्याकडे आणलं. अण्णा त्याला 'ड्रीपर' म्हणायचे. बागेत नळीला असतो तसा, थेंब थेंब सोडणारा. "चार महिने बंद व्हता बघा. काल सकाळी उठलो, तर ड्रीपर चालू."

आपल्या पायाबद्दल ते तिसऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. मी विचारायचो, "कसे आहात, अण्णा?" तर म्हणायचे, "मी झकास हे. याचं काय ते तुमी यालाच विचारा." स्टुलावर बसून धोतर गुडघ्यापर्यंत घ्यायचे आणि पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्यासमोर ठेवायचे. मी निर्जंतुक काडीवरचा कापूस त्या छिद्रात फिरवायचो. दुखायचं नक्कीच, पण अण्णा छताकडे बघत बोलत राहायचे. बोलायचे ते बागेबद्दल, व्यापाऱ्याबद्दल, विंचूरच्या वाइनवाल्यांनी दाखवलेल्या नखऱ्यांबद्दल. मला घाम यायचा आणि तेच म्हणायचे, "बिनधास्त फिरवा. त्याला सवय हे."

मी मुळात कमी बोलणारा माणूस. घरी बायको म्हणते, तुमच्याशी बोलायचं म्हणजे बंद दुकानासमोर उभं राहायचं. अण्णांना त्याची अडचण कधी वाटली नाही. ते दोघांच्या वाटचं बोलायचे. आज त्यांच्याबद्दल मला बोलायचं आहे, आणि त्यात माझ्याबद्दलही काही येणार आहे, जे मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मी डॉक्टर नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेलं आहे. नमुने लावतो, जंतू वाढवतो, कोणत्या औषधाने ते मरतात ते बघतो, रिपोर्ट तयार करतो. त्यावर सही करणारे डॉक्टर वेगळे, आणि औषध द्यायचा अधिकार तर त्याहून वेगळ्यांचा. बारावीला मेडिकल थोडक्यात हुकलं होतं. ते विसरायला जितकी वर्षं लागायला हवीत त्याहून जास्त लागली. अण्णांनी पहिल्या भेटीत 'डॉक्टरसाहेब' म्हटलं तेव्हा मी सांगितलं, "अण्णा, मी डॉक्टर नाही." ते म्हणाले, "आमच्यासाठी तुमीच." दुसऱ्या खेपेला परत तेच. मी परत सांगितलं, जरा हळू आवाजात. तिसऱ्या खेपेला काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर जिन्यातून ती हाक आली की माझा दिवस उजळायचा.

एकदा त्यांनी हट्टच धरला. "रोज आमचा पू बघता, आमाला तरी दाखवा एकदा कोण राहतं आत." मी स्लाइड रंगवली, सूक्ष्मदर्शकाखाली लावली, अण्णांना खुर्चीवर बसवलं. टोपी काढून त्यांनी डोळा लावला.  मग एकदम मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं तिच्या! हे तर घड हेत!"

मी म्हटलं, "हो, या जंतूचं नावच द्राक्षांच्या घडावरून पडलंय. स्टॅफायलोकोकस."

"आपल्या शरद द्राक्षांसारखे काळेजांभळे. पण घड लय गच्च हे हो. थिनिंगच केली नाय कोणी, मणी विरळले नाय." पुन्हा डोळा लावला. "नाशिक सोडून जाणार कुठं बिचारे. इथंच राहणार."

त्यानंतर कितीतरी दिवस मी स्लाइड बघताना एकटाच हसायचो. आजही एखादा दाट घोळका दिसला की मनात येतं, थिनिंग केली नाही कोणी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

जंतू वाढले की आम्ही त्यांच्या थरावर औषधांच्या छोट्या चकत्या ठेवतो. जे औषध लागू पडतं त्याच्याभोवती स्वच्छ गोल पडतो. जे लागू पडत नाही, त्याच्या अगदी कडेपर्यंत जंतू उगवतात. त्यावरून रिपोर्ट बनतो, की हे चालेल, हे चालणार नाही. तो रिपोर्ट डॉक्टरांनी बघायचा आणि रोगी बघून औषध ठरवायचं. अण्णांची रीत वेगळी होती. ते रिपोर्ट घ्यायला स्वतः यायचे, खुर्ची पुढे ओढायचे आणि विचारायचे, "डॉक्टरसाहेब, या खेपेला काय चालंल?"

पहिल्यांदा मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा." ते म्हणाले, "दाखवणारच हे. पण तुमच्या तोंडून कळू द्या ना." मी बोटाने एका नावावर खूण केली. एवढंच. अण्णांनी ते नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं आणि उठले. खाली उतरताना नेहमीपेक्षा जरा जलद उतरले असं मला वाटलं. ते डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले.

हे मला पुढच्या भेटीत कळलं. आणि कळूनही त्या भेटीत मी पुन्हा एका नावावर बोट ठेवलं.

अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात कॅप्सूलची पाकिटं असायची, अर्धी संपलेली. मी विचारलं, ही कधीची? तर त्यांनी मला सगळी पद्धत समजावून सांगितली. द्राक्षबागेत छाटणी झाली की फवारणीचं वेळापत्रक चालू होतं. आभाळ आलं की डावणी रोग येणार, म्हणून ती यायच्या आत फवारा मारायचा. ऊन पडलं की थांबायचं. आणि एकच औषध सारखं मारायचं नाही, बदलून बदलून मारायचं. अण्णांनी पायाला हेच वेळापत्रक लावलं होतं. ढगाळ हवा झाली की पाय ठणकायचा. ठणकला की दोन दिवस कॅप्सूल. ऊन पडलं, ठणका थांबला, की कॅप्सूल बंद. पुढच्या ढगाला दुसरी.

"बाग नाय गेली कधी माझी," ते म्हणाले. "भुरी नाय, डावणी नाय. आजूबाजूच्यांची गेली."

मी म्हटलं, "अण्णा, पाय म्हणजे बाग नाही. गोळ्या घ्यायच्या तर पूर्ण घ्याव्या लागतात. आणि डॉक्टरांनी सांगितल्या तरच."

"खरं हे तुमचं," अण्णा म्हणाले आणि खिशातून मूठभर बेदाणे काढून माझ्या टेबलावर ठेवले. "घरचे हेत. खा."

मी खाल्ले. माझं समजावणं तिथे संपलं. मी आवाज चढवला नाही, त्यांच्या घरी फोन केला नाही, हाडांच्या डॉक्टरांना कळवलं नाही. मोठ्याने बोललो तर ते यायचे थांबतील, ही भीती होती. ती भीती किती खरी होती, हे आज कळतं. त्या लॅबमध्ये माझ्यासाठी म्हणून येणारा दुसरा माणूस नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना केव्हाच स्वच्छ सांगितलं होतं, रॉड काढावा लागेल, हाड खरवडावं लागेल, काही महिने झोपून राहावं लागेल. अण्णा नाही म्हणत नसत. ते "माल निघू द्या" म्हणत. माल निघाला की उन्हाळ्यातली खरड छाटणी. खरड छाटणी झाली की पावसाळ्यात वेली सांभाळायच्या. मग ऑक्टोबरची छाटणी, मग थंडी, मग पुन्हा माल. द्राक्षबागेला वर्षात मोकळा महिना नसतो, हे मला अण्णांमुळे कळलं. रॉड काढायला त्यांना मोकळा महिना हवा होता, आणि दरवेळी माझं बोट एखाद्या नावावर पडत होतं म्हणून तो महिना पुढे ढकलता येत होता. ड्रीपर काही काळ बंद व्हायचा. अण्णांना वाटायचं, जमलं.

रिपोर्टमधली चालणारी नावं मात्र कमी होत चालली होती. पहिल्या वर्षी बोट ठेवायला भरपूर जागा होती. मग साध्या गोळ्या गेल्या. मग त्यांच्या वरच्या गेल्या. चकतीभोवतीचे गोल आक्रसत गेले आणि एकेक करून मिटले. अण्णा माझ्याकडे बघायचे, मी कागदाकडे बघायचो.

त्याच सुमारास मी शिकलो त्या कॉलेजातल्या मॅडमनी एक अभ्यास काढला होता. रुग्णांच्या जखमांमधले स्टॅफायलोकोकस आणि धडधाकट माणसांच्या नाकात बिनबोभाट राहणारे स्टॅफायलोकोकस, यांची तुलना करायची. कितीतरी निरोगी माणसांच्या नाकात हा जंतू असतो आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. त्यांना आम्ही वाहक म्हणतो. औषधांना कोणते जंतू दाद देत नाहीत, आणि चिकट पापुद्रा विणायची जनुकं कोणाकडे आहेत, ते बघायचं होतं. हा पापुद्रा म्हणजेच बायोफिल्म. जंतू लोखंडावर, प्लास्टिकवर बसतात, स्वतःभोवती तो थर विणतात आणि आत सुखाने राहतात. औषध वरवर फिरून जातं.

मी अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "आमच्या ड्रीपच्या नळीत बसतो तसला बुळबुळीत गाळ?"

"तसलाच."

"मंग सोपं हे. आमी नळीत अ‍ॅसिड सोडतो. सोडायचं का पायात?" आणि स्वतःच खदखदून हसले.

मी म्हटलं, "अण्णा, इथे नळीच बदलावी लागते."

हसणं थांबलं. पायाकडे बघत म्हणाले, "बदलू. एवढा माल निघू द्या."

मी मान हलवली. आठवलं की अजूनही मानेत कळ येते. मान हलवायची नव्हती.

अभ्यासासाठी घरच्यांच्या नाकातले नमुने हवे होते. मी एका रविवारी त्यांच्या मळ्यावर गेलो. बागेत खुडा चालू होता. बाया कात्रीने घड काढून क्रेटमध्ये कागदावर ठेवत होत्या आणि अण्णा मांडवाखालून वाकून, पाय ओढत, प्रत्येकीला काहीतरी बोलत फिरत होते. लॅबमधला माणूस तो हाच का, असं वाटावं इतके ते तिथे मोठे दिसत होते.

ओट्यावर काकूंना, म्हणजे अण्णांच्या पत्नीला, मी काडी दाखवली. नाकात फिरवायची म्हटल्यावर त्या पदर तोंडाला लावून मागे सरकल्या. अण्णा म्हणाले, "घे ना करून. जिंदगीभर सगळ्यांच्या घरात नाक खुपसलं, आज एक काडी खुपसून घ्यायला काय व्हतंय?"

"हां, आणि तुमच्या नाकावर माशी बसत नाय तिथं काडी कशी बसंल ते बघते मी," काकू म्हणाल्या आणि तोंड वर करून बसल्या.

दोघांचे नमुने झाले. एक काडी उरली. अण्णा म्हणाले, "आता तुमचं."

"माझं कशाला?"

"वा! आमचं उघडं पाडायचं आणि तुमी झाकून बसायचं? आणा इकडं."

त्यांनी काडी माझ्या हातातून घेतलीच. मी कसं करतो ते इतक्या वेळा बघितलं होतं की काही सांगावं लागलं नाही. डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, मान वर केली आणि आपल्या राकट बोटांनी काडी इतकी हलके फिरवली की मला शिंकसुद्धा आली नाही. हाताला गंधकाचा वास होता. वडील गेल्यानंतर माझ्या हनुवटीला असा कोणी हात लावला नव्हता. "झालं," ते म्हणाले, "रडू नका," आणि काकूंकडे बघून डोळा मारला. मी सगळे नमुने पेटीत ठेवले. निघताना त्यांनी गाडीत द्राक्षांची पेटी ठेवली. एवढ्या सगळ्यात रॉडचा विषय मी काढला नाही. त्या दिवशी काढायला हवा होता, काकूंसमोर.

निकाल आले ते असे. काकूंच्या नाकात साधा जंतू निघाला, कोणत्याही औषधाने मरणारा. अण्णांच्या जखमेतला मात्र जंतू वाढवायच्या लाल माध्यमावर काळा, कोरडा, खरखरीत वाढला. पापुद्रा विणणाऱ्यांची ती खूण. मॅडमच्या प्रयोगशाळेत जनुकंही सापडली. औषधांच्या बाबतीत जवळजवळ सगळी दारं बंद, एकदोन शिरेतून द्यायची इंजेक्शनं तेवढी शिल्लक. अण्णांच्या नाकातलाही तोच.

आणि माझ्या नाकातलाही तोच.

तोच म्हणायला आणखी बारीक तपासण्या लागतात, त्या आम्ही केल्या नाहीत. पण तीच काळी वाढ, तीच जनुकं, औषधांना तोच नकार. मॅडमनी मला मलम लावून घ्यायला आणि हात धुण्याबाबत जास्त काटेकोर व्हायला सांगितलं, आणि पुढच्या नमुन्यांकडे वळल्या. वाहकांमध्ये असं सापडतं, त्यांना नवल नव्हतं. मी मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवलो नाही. अण्णांकडून माझ्याकडे आला असेल, तर ते समजण्यासारखं होतं. पण मी कितीतरी वेळा त्या जखमेवर तोंड खाली करून, मास्क गळ्यात ठेवून वाकलो होतो. अण्णांशी बोलताना मास्क आड येतो म्हणून. तो माझ्याकडून त्यांच्याकडे गेला असेल तर? हे कधीच कळणार नाही. मी अण्णांना सांगितलं नाही. 'तुमचा निकाल बरा नाही, डॉक्टरांना भेटा,' एवढंच फोनवर म्हणालो. "भेटतो," ते म्हणाले. "माल आठवडाभरात संपतोय."

माल संपायच्या आत त्यांना थंडी वाजून ताप भरला. नाशकात आणलं तेव्हा नडगी गुडघ्यापर्यंत सुजून चकाकत होती. रॉड काढायची वेळ गेली होती. गुडघ्याच्या वरून पाय काढला.

मी भेटायला गेलो, तोवर ताप उतरला होता. काकू चहा आणायला खाली गेल्या होत्या. चादर एका बाजूला मधेच सपाट झालेली होती. अण्णांनी मला बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "या डॉक्टरसाहेब. आता कुणाशी बोलणार तुमी? तो तर गेला."

मी खुर्ची ओढली नाही. उभाच राहिलो आणि म्हणालो, "अण्णा, मी डॉक्टर नाही."

"म्हाइत हे."

"नाही, मला सांगायचंय. मी तुम्हाला औषधांची नावं सांगायला नको होती. मला तो अधिकार नव्हता. मी सांगितली नसती तर तुम्ही वेळेवर रॉड काढला असता."

अण्णांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बसा आधी." मी बसलो. "तुमी डॉक्टर नाय हे मला पयल्या वर्षीच कळलं व्हतं. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानंच सांगितलं. म्हणून तर मी तुमच्याकडं येत व्हतो. खऱ्या डॉक्टरकडं गेलो असतो तर त्यानं झोपवून कापला असता. मला नव्हतं कापायचं. तुमी कापणारे नव्हते."

मी चादरीची कड सारखी करत राहिलो.

"मी काय लहान व्हतो का?" ते म्हणाले. "मला फोडून सांगितलंच ना तुमी, नळी बदला म्हणून." त्यांनी खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "पण एकदा वरडायचं व्हतं माझ्यावर. एवढ्या वर्षांत एकदा तरी. मी आयकलं असतं की नाय, देव जाणे. पण तुमी वरडलाच नाय."

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. अण्णांनी ताबडतोब आवाज बदलला, "बघ, साहेबांना बिनसाखरेचा दिला नाय ना? आधीच त्यांचं तोंड कडू हे."

आपलं माणूस आपल्याला माफ करतं की रागावतं, हे नीट कळलं तर त्याचं काहीतरी करता येतं. अण्णांनी दोन्ही एकाच दमात केलं आणि चहा पाजला. नाकातल्या जंतूची गोष्ट मी तेव्हाही बोललो नाही. बोलणार होतो. काकू आल्या, असं स्वतःला सांगितलं.

घरी गेल्यावर ते वॉकर घेऊन बागेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत. मला फोन करत. आता रिपोर्ट नव्हते, नमुने नव्हते, तरीही फोन यायचा. "काय चाललंय? घड बघताय का?" मी म्हणायचो, "बघतोय." मग ते बागेचं सांगत बसायचे आणि मी लॅबच्या मागच्या गॅलरीत उभा राहून ऐकायचो. मळ्यावर या म्हणायचे. येतो म्हणायचो. गेलो नाही. त्यांना एका पायावर बागेकडे बघत बसलेलं मला बघवणार नव्हतं, आणि ते मला बघवत नाही हे त्यांना दिसलं असतं. पाऊस सरत आला तेव्हा त्यांना पुन्हा ताप आला. जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले होते. इंजेक्शनं चालू होती. ऑक्टोबर छाटणीच्या आधीच अण्णा गेले.

दहाव्याला मळ्यावर गेलो. छाटणी पुढे ढकलता येत नाही, त्यामुळे बागेत कात्र्या चालल्या होत्या. काकू म्हणाल्या, "तुमची लय आठवण काढायचे. म्हणायचे, साहेब मायाळू हे पण तोंड उघडत नाय."

त्यानंतर काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. शेजारच्या बाईच्या मांडीला गळू आलं होतं. अण्णांच्या कॅप्सूलचं एक पाकीट घरात उरलं होतं. "दोन दिवस देऊ का तिला? तुमी ह्यांना सांगायचे तसं सांगा ना."

मी ओरडलो. पूर्ण लॅब माझ्याकडे बघायला लागली इतक्या मोठ्याने ओरडलो. "एकही द्यायची नाही! ते पाकीट आत्ताच्या आत्ता तिथून काढून टाका, आणि तिला डॉक्टरकडे न्या. आज न्या. मला विचारू नका, मी डॉक्टर नाही!"  मला वाटलं, काकूंनी फोन ठेवला. मग काकू अगदी हळू म्हणाल्या, "बरं. नेते."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.  एवढ्या मोठ्याने ओरडता येतं मला, आणि ते माझ्याजवळ सगळी वर्षं होतं.

आता लोक मला फोन करून विचारतात, रिपोर्टमधलं काय घ्यायचं. मी रागावून बोलतो. काही जण दुसऱ्या लॅबमध्ये गेले. मालक नाराज आहेत. असू देत.

एक गोष्ट राहिली. मॅडमनी सांगितलेलं ते नाकात लावायचं मलम मी तेव्हाच आणलं होतं. लावलं नाही. माझ्यासारख्या माणसाने हे करणं म्हणजे काय हे मला पुरतं ठाऊक आहे. मी नमुने हाताळतो, घरी मुलगी आहे, बायको आहे. पहिल्यांदा विसरलो. मग अण्णा आजारी पडले. मग अण्णा गेले, आणि मग मलमाची नळी टेबलाच्या खणात दिसली की मी खण बंद करायचो. अण्णांच्या अंगात जे काही होतं ते त्यांच्याबरोबर राख झालं. कॉलेजात जपून ठेवलेले नमुने अभ्यास संपल्यावर नियमाप्रमाणे नष्ट केले. उरलं ते माझ्याकडे. त्यांनी माझी हनुवटी धरून काढलेलं, आणि कदाचित मीच त्यांना दिलेलं. हे मूर्खपणाचं आहे, मला माहीत आहे. जंतूची आठवण कोणी ठेवत नाही. पण मी ठेवली, आणि आपल्या माणसांच्या जिवावर ठेवली.

काकूंवर ओरडलो त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "नळी कुठे आहे?" तिनेच झाकण फिरवून माझ्या हातात दिली. सांगितले होते तितके दिवस, सकाळ-संध्याकाळ, एकही वेळ न चुकवता लावलं. घरातल्या दोघींचे नमुने घेतले. त्यांच्यात काही नव्हतं. मग काही दिवस जाऊ देऊन माझाच नमुना मी घेतला, आरशासमोर उभं राहून, स्वतःची हनुवटी स्वतःच वर करून.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडायच्या आधी मी इन्क्युबेटर उघडला. माझ्या नमुन्याची प्लेट बाहेर काढून खिडकीपाशी नेली. उजेडात तिरपी करून बघितली, भिंगाखाली बघितली. एक ठिपका नव्हता. जंतूंची वसाहत नव्हती, काळी नाही, सोनेरी नाही, काहीच नाही. खाली रस्त्यावर दुकानांची शटर उघडत होती. याहून चांगला निकाल असू शकत नाही, हे मी कोणालाही सांगितलं असतं.

मी प्लेटवर झाकण ठेवलं, ती उपडी केली आणि पुन्हा इन्क्युबेटरमध्ये ठेवली. म्हटलं, अजून एक दिवस बघू.